दगडफुलाची गती

१

लॅपटॉपच्या पडद्यावर दिल्लीतले तीन चेहरे अर्धवट उघड्या तोंडांनी थिजले होते. मधल्या गृहस्थांचा हात चष्म्याकडे निघाला होता आणि वाटेतच अडकला होता. खिडकीतला कूलर तेवढा घरघरत होता. त्याच्या ओल्या वाऱ्याने टेबलावरच्या छायाचित्रांचे कोपरे उचलले जात आणि पुन्हा खाली बसत.

पद्मिनी ओगले यांनी पडद्यावरची नजर हटवली नाही. दारात त्यांचा मुलगा अनिकेत उभा होता, त्याच्या मागे सून प्रणिता आणि नात अनन्या. काही मदत लागली तर, म्हणून वरच्या मजल्यावरचे भाडेकरू जगदीश सक्सेनाही आले होते. आता त्यांना जावं की थांबावं, हे कळत नव्हतं.

टेबलावरचा फोन वाजला. मुदतवाढीची मुलाखत घेणाऱ्या समितीचे सचिव अदबीने बोलत होते. मॅडमचा एकही शब्द इकडे नीट पोचला नाही. गुरुवारी सकाळी अकराला पुन्हा जोडू. त्या दिवशीही असंच झालं, तर फाइल बंद करावी लागेल.

फाइल म्हणजे पद्मिनीबाईंचा प्रकल्प. लखनौच्या जुन्या इमारतींच्या लाखौरी, म्हणजे नवाबी काळातल्या चपट्या विटांवर जी दगडफुलं उगवतात, ती वर्षानुवर्षं मोजून त्या या शहराच्या हवेचा इतिहास लिहीत होत्या. निवृत्तीनंतर हे एकच काम हातात उरलं होतं, आणि ते लखनौ सोडून करता येणारं नव्हतं. मुदतवाढ मिळाली तर त्या शहरातल्या महानगर वस्तीतल्या या घरात राहणार होत्या. न मिळाली तर अनिकेतने पुण्याची बदली मागून घेतलीच होती. त्याच्याबरोबर जायचं, एवढंच उरत होतं.

"आई, किती दिवस सांगतोय," अनिकेत अखेर म्हणाला. "बाबांनी घेतला तेव्हाच तो लॅपटॉप बेताचा होता. त्याला आता सात वर्षं झाली. लॅपटॉपच्या हिशेबात हे म्हातारपण आहे."

"मग काय करायचं म्हणतोस?"

"सोडून द्यायचा हट्ट."

"लॅपटॉपचा?"

"मी लॅपटॉपबद्दलच बोलतोय, आई."

"मीही," पद्मिनीबाई म्हणाल्या, आणि त्यांनी ते तीन थिजलेले चेहरे झाकण मिटून बंद केले.

२

उल्का कर्णिक कपूरथला बाजाराच्या पलीकडे राहत. रेल्वेच्या सिग्नल विभागात अधिकारी, आणि महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत पद्मिनीबाईंच्या शेजारी बसून आरत्या म्हणणाऱ्या. निरोप मिळताच त्या संध्याकाळी ऑफिसातून थेट आल्या. पाण्याचा पेला हातात घेतला आणि बसायच्या आधीच विचारलं, "सकाळपासून काही हलवलंय का जागचं?"

"नाही. का?"

"गाडी घसरली की आमच्याकडे पहिली आज्ञा तीच असते. दुसरी, सगळ्या खात्यांच्या माणसांनी तिथल्या तिथे एकत्र टिपण करून सह्या करायच्या. रूळवाले म्हणतात डबा वाईट. डबेवाले म्हणतात रूळ वाईट. मग दोघं मिळून ड्रायव्हरला धरतात." त्या हसल्या. "त्या टिपणातून दोष कधीच सापडत नाही, पद्मिनीताई. पण प्रत्येकजण दुसऱ्या माणसाकडे बोट दाखवत असताना एखादाच कुणाकडे दाखवत नाही. तो सापडतो."

लॅपटॉप उघडला. उल्काताईंनी एक चलचित्र लावलं, मग दुसरं. दोन्ही न अडखळता वाहत गेली. त्याच वेळी सांगलीहून प्रतिमाचा, पद्मिनीबाईंच्या धाकट्या बहिणीचा, रोजचा सातचा फोन आला. पडद्यावर तिच्या हातातली अर्धी निवडलेली मेथीसुद्धा स्वच्छ दिसत होती.

"ताई, झाली का गं मुलाखत?"

सकाळी ज्याने त्यांचं तोंड बंद केलं होतं, ते यंत्र आता साळसूदपणे बोलत होतं.

ऑफिसातून नुकताच परतलेला अनिकेत दारात बूट काढत होता. "चालतोय की," तो म्हणाला. मग जरा हळू आवाजात, "आई, सकाळी तूच गडबडली असशील. या वयात होतं असं."

बहिणीचा फोन संपला, तशा उल्काताई पद्मिनीबाईंकडे वळल्या.

"संध्याकाळी रोज असंच चालतं?"

"रोज. रविवारी दिवसभर. म्हणून तर माझं कुणाला खरं वाटत नाही."

"आणि बिघाड कधीपासून?"

"पंधरवडा झाला. नवा राउटर आला तेव्हापासून."

"कंपनीचा माणूस लावून गेला तो," अनिकेत पलीकडून म्हणाला. "फोनवर तर उत्तम चालतो, उल्कामावशी. नव्याशी जुन्याचं जुळत नाही, तर दोष जुन्याचाच ना?"

उल्काताईंनी पर्स उचलली. "उद्या मी अर्धी रजा टाकते. तोवर काही हलवू नका. तो कूलरसुद्धा."

३

बुधवारी सकाळी त्यांनी सर्वांत आधी स्वयंपाकघर गाठलं. प्रणिता पोळ्या लाटत होती. तिने लाटणं थांबवलं नाही.

"विचारा मावशी. मला पुण्याला जायचंय, मी लपवत नाही. इथे माझ्याशी मराठीत बोलणारी माणसं या घरातच संपतात. पण सासूबाईंची वाट अडवून नाही जायचं मला. तो मामंजींचा लॅपटॉप मी तर पुसायलासुद्धा हात लावत नाही. तो बंद पडला तर या घरातून मामंजी दुसऱ्यांदा जातील, असं वाटतं."

"मग कुणाचं काम असेल?"

"वरचे सक्सेनाजी." लाटणं जरा जोरात फिरलं. "आईंनी मोठ्या मनाने आपलं वायफाय वापरू दिलं. हे क्लासमध्ये शिकवतात, ते धडे रेकॉर्ड करून दिवसभर इंटरनेटवर चढवत असतात."

सक्सेनाजींनी हा आरोप गच्चीवर, कुंड्यांना पाणी घालता घालता ऐकून घेतला. त्यांच्या चेहऱ्यावर दुखावल्याचं अदबशीर हसू होतं.

"हुज़ूर, मैं तो सुबह नौ बजे क्लास के लिए निकल जाता हूँ, शाम को लौटता हूँ. चढ़ाऊँगा कब? कल तो आंटीजी के लिए रुका था." त्यांनी झारी खाली ठेवली. "वो साहब वाला लैपटॉप है न? ओगले साहब उस पर मुझे शतरंज में हराया करते थे. उसका बुरा मैं चाहूँगा? आप बिटिया से पूछिए. छुट्टियाँ हैं, दिनभर पिक्चर चलती है."

बिटिया म्हणजे अनन्या पलंगावर पोटावर पडून फोन बघत होती. मराठी तिला सगळं कळे, उत्तर मात्र हिंदीत येई.

"मैं? मौसी-दादी, आप भी. मेरा सब फोन पे चलता है. आजोबा वाले लैपटॉप में तो एक गेम भी नहीं खुलता. मम्मी से पूछो, दोपहर में सीरियल कौन देखता है."

"आणि तुझे पप्पा?"

"पप्पा बस बोलते हैं कि लैपटॉप बूढ़ा हो गया." तिने फोन बाजूला ठेवला. "आजी रो रही थी परसों. बाथरूम में नल खोल के. उन्हें लगता है किसी को सुनाई नहीं दिया."

उल्काताई तिथून लॅपटॉपच्या खोलीत आल्या. भिंतीवरचं घड्याळ दहाच्या पुढे गेलं होतं. पद्मिनीबाई लॅपटॉपसमोर बसल्या होत्या, आणि पडद्यावर एक वर्तुळ आपल्याच शेपटीच्या मागे फिरत होतं.

४

"आता आपण एकेकाला निर्दोष सोडू," उल्काताई म्हणाल्या.

पहिला संशयित कूलर. राउटर बाहेरच्या खोलीत, लॅपटॉप आत, आणि मधल्या खिडकीत पत्र्याचा हा धिप्पाड पेटारा पाण्याने भरलेला. पत्रा आणि पाणी, दोन्ही वायफायच्या लहरींना रोखतात. त्यांनी लॅपटॉप उचलून थेट राउटरला खेटून ठेवला. वर्तुळ फिरतच राहिलं. कूलर सुटला.

मग पद्मिनीबाईंचा फोन त्याच वायफायवर लावला. चित्र झरझर चालू लागलं. म्हणजे बाहेरून येणारी लाइन ठीक होती. ती कुणी अडवून बसलं नव्हतं. सक्सेनाजी, अनन्या आणि प्रणिताची मालिका, तिघंही सुटले.

मग उल्काताईंनी पर्समधून वायर काढली आणि तिचं एक टोक राउटरला, दुसरं लॅपटॉपला जोडलं. सात वर्षांचं ते यंत्र तरण्या पोरासारखं धावू लागलं.

पद्मिनीबाई पुढे झुकल्या. "म्हणजे तो म्हातारा झालेला नाही."

"तो नाही. पण वायरीला एक कार्ड असतं आणि वायफायला दुसरं. अजून वायफायचं कार्ड उरलंय." त्यांनी वायर काढली, स्वतःच्या फोनचं इंटरनेट वायफायवर सोडलं आणि लॅपटॉपला त्याच्याशी जोडलं. चित्र चालू लागलं, राउटरइतकं वेगात नव्हे, पण न थांबता.



"सगळेच निर्दोष," पद्मिनीबाई म्हणाल्या. "मग माझी मुलाखत कुणी मारली?"

"मला आधी सांगा, दगडफूल म्हणजे काय?"

"मसाल्यात घालतेस तेच." प्रश्न विचित्र होता, तरी शिक्षिकेचा आवाज आपोआप जागा झाला. "ते एक झाड नव्हेच. बुरशी आणि शैवाल. एकेकटे असताना निराळे. एकत्र राहिले की तिसरंच काही होतं. आणि वाढतं इतकं हळू, की मोजणाऱ्याचं आयुष्य कमी पडतं. त्या हळूपणाला आम्ही रोग म्हणत नाही."

"इथे तसंच आहे. हे कार्ड निर्दोष, हा राउटर निर्दोष. दोघं एकमेकांना भेटले, की मात्र गळा आवळला जातो. आणि तोही फक्त दिवसा." उल्काताईंनी राउटर उलटा केला. खालच्या चिकटपट्टीवर छापलेला पासवर्ड कोणी बदलला नव्हता. वाचता येणाऱ्या कुणालाही तो उघडता आला असता. "यंत्राला सोमवार-रविवार कळत नाही, पद्मिनीताई. दहा वाजले हेही कळत नाही. कुणीतरी शिकवावं लागतं."

त्यांनी फोनवर राउटरची आतली पानं उघडली. वाचत असताना त्यांचा चेहरा हळूहळू मिटत गेला.

"काय आहे?"

"उद्या पावणेदहाला सगळे घरात असू द्या. अनिकेतही. मी यात काही बदलत नाही. मुलाखतीची काळजी नको; वायर इथेच ठेवून जाते."

"वायर घेऊन जा."

"ताई, ती असली तर काम निभेल."

"निभायचं नाहीये मला." पद्मिनीबाईंनी वायरीची गुंडाळी करून त्यांच्या हातात दिली. "पंधरवडाभर या घरात माझ्यावर खटला चालू आहे, उल्का. मागल्या दाराने सुटका नको. निकाल हवा."

५

गुरुवारी सकाळी टेबलाभोवती सगळे होते. अनिकेत ऑफिसचे कपडे करून, प्रणिता पदराला हात पुसत, अनन्या खिडकीच्या कट्ट्यावर, सक्सेनाजी दाराशी अवघडून. पद्मिनीबाईंनी सांगलीला व्हिडिओ लावला होता. प्रतिमा वेळेबाहेरच्या या फोनने खूश होऊन लोणच्याच्या कैऱ्या कशा महागल्या ते सांगत होती.

"...आणि मी म्हटलं त्याला, अरे बाबा, सोनं विकतोस की"

प्रतिमाचं तोंड उघडंच राहिलं. भिंतीवरच्या घड्याळात नुकतेच दहा वाजले होते.



"आज सकाळपासून या लॅपटॉपला माझा हात लागलेला नाही," उल्काताई म्हणाल्या. "तुमच्यापैकीही कुणाचा नाही. राउटरमध्ये एक नियम लिहून ठेवलेला आहे. सोमवार ते शनिवार, दहा ते सहा, या एका लॅपटॉपच्या वायफाय कार्डाला थेंब थेंब इंटरनेट द्यायचं. बंद करायचं नाही. बंद केलं तर संशय येतो. नुसतं म्हातारं करायचं."

प्रणिताने नवऱ्याकडे पाहिलं नाही. तिने सक्सेनाजींकडे पाहिलं.

"नाही, ते नव्हेत. हे ज्याने केलं त्याचा ताईंवर राग नाही. राग असता तर त्याने चोवीस तास आवळलं असतं. याने सहानंतर मोकळं सोडलं, रविवार मोकळा सोडला, कारण सातला सांगलीचा फोन येतो आणि ताई दिवसभर त्याची वाट बघतात. त्याला काम तोडायचं होतं. बहीण तोडायची नव्हती."

"घर का ही आदमी," सक्सेनाजी पुटपुटले आणि पुटपुटल्याबद्दल ओशाळले.

"घरचाच. आता नियम लिहिताना तो कुठल्या यंत्रासाठी आहे ते लक्षात राहावं, म्हणून एक नाव टाकावं लागतं. काय वाटेल ते टाका. राउटर विचारत नाही. घाईत माणूस तेच टाकतो, जे त्याच्या मनात त्या वस्तूचं नाव असतं." उल्काताईंनी एकेकाकडे पाहिलं. "या घरात या लॅपटॉपला प्रत्येकजण आपल्या नात्याने ओळखतो. सक्सेनाजींचा तो साहब वाला. अनन्याचा आजोबांचा. प्रणिता मामंजींचा म्हणते. ताई 'ह्यांचा' म्हणतात, पुढे नाव घेत नाहीत." त्यांनी फोन टेबलावर ठेवला. उजळलेल्या पानावर इंग्रजी चार अक्षरं होती.

अनन्याने कट्ट्यावरून वाकून वाचलं. "बाबा," ती म्हणाली, आणि मग तिचा हात तोंडावर गेला.

"रमाकांत ओगल्यांना बाबा म्हणणारा माणूस या घरात एकच आहे. आणि परवापासून इथे प्रत्येकाने दुसऱ्या कुणावर तरी ढकललं. फक्त अनिकेतने माणसाचं नाव घेतलं नाही. तो यंत्रालाच दोष देत राहिला."

अनिकेत खुर्चीवर बसला. त्याने नाकारलं नाही. नाकारायला लागणारा चेहरा त्याच्याकडे नव्हताच.

"गेल्या उन्हाळ्यात ती इमामबाड्याच्या जिन्यात भोवळ येऊन पडली," तो उल्काताईंना सांगू लागला, जणू आई खोलीत नव्हती. "एकटी. चौकीदाराने फोन केला मला. मी पुण्याला असतो, तर कुणाला केला असता? प्रकल्प आहे तोवर ती यायची नाही. मी म्हटलं, आपोआप संपला तर तिला नकार द्यावा लागणार नाही आणि मला..."

"आणि तुला तो ऐकावा लागणार नाही," पद्मिनीबाई म्हणाल्या.

"आई, तुझ्या काळजीनेच केलं गं."

"ठाऊक आहे. म्हणून जास्त लागलं." त्यांचा आवाज चढला नव्हता, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा तो जुना, सपाट आवाज होता. "अनिकेत, तू दार अडवून उभा राहिला असतास, तर मी भांडले असते. तुला ढकलून गेले असते. तू तसं केलं नाहीस. तू मला माझ्यावरच संशय घ्यायला लावलास. पंधरवडाभर मी रोज स्वतःला तपासत होते. बटण चुकीचं दाबते का, शब्द विसरते का, डोळ्यांना दिसतंय ते खरं आहे का. 'या वयात होतं असं', तू म्हणालास. आणि मी त्यावर विश्वास ठेवला, अरे. माझ्या मुलाने माझ्या म्हातारपणाचा खोटा पुरावा तयार केला, आणि मी त्याच्यावर सही करायला निघाले होते."

अनन्या खिडकीबाहेर पाहत होती. प्रणिता नवऱ्याच्या मागून सरकली आणि सासूच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली.

"काढ तो नियम," पद्मिनीबाई म्हणाल्या. "तुझ्या हाताने."

अनिकेतने उल्काताईंचा फोन ओढून घेतला. त्याची बोटं दोनदा चुकली. मग पडद्यावर प्रतिमा एकदम जिवंत झाली.

"...ऐकू येतंय का? ताई? अगं, तुम्ही सगळे असे का बसलात? कुणी गेलं का?"

"नाही गं. कुणी गेलं नाही. मुलाखत आहे माझी. संध्याकाळी बोलू." त्यांनी पडद्यावरची ती खिडकी बंद केली आणि आपली छायाचित्रं उघडली. विटेच्या तांबड्या अंगावर करड्या-हिरव्या रंगाची फुलं एकामागून एक, न अडखळता उमटत गेली. कैक पावसाळे त्या दगडफुलांनी विटेवरची पकड सोडली नव्हती.

पद्मिनीबाईंनी लॅपटॉप उघडाच दोन्ही हातांत उचलला. अकराच्या मुलाखतीसाठी त्या बाहेरच्या खोलीत, राउटरशेजारच्या टेबलाकडे निघाल्या. प्रणिताने पुढे होऊन पडदा बाजूला धरला.

"आई," अनिकेत मागून म्हणाला. त्याचा आवाज लहानपणच्या आवाजाइतका बारीक झाला होता. "मुदतवाढ मिळाली, तरी येशील ना? कायमची नको. पावसाळ्यापुरती तरी? येशील?"

पद्मिनीबाई उंबऱ्यापाशी थांबल्या. लॅपटॉपचा उजेड त्यांच्या हनुवटीवर पडला होता. त्यांनी लॅपटॉप छातीशी जरा नीट धरला, उंबरा ओलांडला आणि मागे न पाहता त्या चालू लागल्या.